अक्षर मोठे करा, मग बटण दाबा



मराठीत चाळिशी म्हणजे वयही आणि चष्माही. त्या वयात डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते, जवळच्या वस्तूवर नजर बसत नाही आणि माणूस वर्तमानपत्र हात लांब करून धरू लागतो. हा काही आजार नव्हे. पण कागद लांब धरता येतो तसा संगणकाचा पडदा धरता येत नाही. त्यातून तो पडदा आपल्या घरचाही नसतो. तो असतो सेवा केंद्रात, टेबलाच्या पलीकडे, चालवणाऱ्या मुलाच्या तोंडाकडे फिरवलेला. आपण अलीकडच्या बाकावर बसून एकेक कागद पुढे सरकवायचा. तो भराभर बोटे चालवणार आणि शेवटी विचारणार, "मावशी, सबमिट करू का?" मावशी म्हणतात, "कर बाबा." काय लिहिले आहे ते मावशींनी पाहिलेले नसते.

आज आम्ही एवढ्या एकाच प्रश्नामागे लागणार आहोत. ते बटण दाबले जाण्यापूर्वी आपला अर्ज आपल्याला वाचता कसा येईल? त्यासाठी संगणकाचा कोर्स लागत नाही. कीबोर्डवरच्या दहा-बारा कळा माहीत असल्या तर काम भागते. त्यांतल्या दोन तर आजच पाठ होतील.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या तेरमध्ये सेवा केंद्रांपुढे चपलांचा ढीग पडतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, मग महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज. एका दाखल्यावर दुसरा उभा असतो. खालच्या दाखल्यात अक्षर चुकले की वरचा सगळा डोलारा डळमळतो. आमच्या पाहण्यातल्या एका मुलीचे आडनाव साबळे. दाखल्यात ते सावळे असे टंकले गेले. ब च्या पोटातली एक आडवी रेघ गेली, एवढाच फरक. केंद्रात कोणाच्या लक्षात आले नाही, घरी आल्यावर बापाच्या लक्षात आले नाही. कॉलेजात कागदपत्रे तपासताना मात्र बरोबर लक्षात आले. टी.सी. वर साबळे, दाखल्यावर सावळे, मग ही मुलगी कोणाची? पुढे दुरुस्तीसाठी तहसीलच्या खेपा, बुडालेली मजुरी आणि गाडीभाडे. दाखला दुरुस्त होऊन आला तोवर अर्जाची मुदत संपून गेली होती. मुलीने त्या वर्षीची फी उसनवारीने भरली. साबळे आणि सावळे ही दोन्ही आडनावे आपल्याकडे आहेत. त्यामुळे यंत्रालाही त्यात काही वावगे दिसत नाही.

देवनागरी लिपी बारीक अक्षरात फार फसवते. ब आणि व, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, प आणि ष, यांच्यात एखाद्या रेघेचा किंवा गाठीचा फरक असतो. इंग्रजी आणि मराठी अक्षरे एकाच मापात ठेवली तरी मराठी लहान दिसतात. वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय, या सगळ्यांना त्याच उंचीत बसवायचे म्हटले की मधल्या मूळ अक्षराला जागा कमी उरते. इंग्रजी बारा पॉइंटात सुखाने वाचणाऱ्या माणसाला मराठीसाठी चौदा पॉइंट लागतात, असा आमचा रोजचा अनुभव आहे. पॉइंट हे छापखान्यातले जुने माप. आजच्या संगणकात एक इंच म्हणजे ७२ पॉइंट. चौदा पॉइंट म्हणजे इंचाचा पाचवा हिस्साही नव्हे. त्यात पुन्हा सेवा केंद्राचा पडदा जुना आणि समोर खिडकीचा उजेड!

आता ती पहिली जोडी. कीबोर्डच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात कंट्रोल नावाची कळ असते. ती दाबून धरायची आणि अधिकचे (+) चिन्ह असलेली कळ एकदा दाबायची. पडद्यावरचे सगळेच मोठे होते. पुन्हा दाबा, आणखी मोठे. क्रोममध्ये शंभर टक्क्यांवरून ११०, १२५, १५० असे टप्पे पडत जातात आणि ते थेट ५०० टक्क्यांपर्यंत जातात. आपल्या कामाला दीडशे ते दोनशे पुरेत. कंट्रोल धरून वजाचे (-) चिन्ह दाबले की अक्षर लहान होते. कंट्रोल आणि शून्य दाबले की पहिल्यासारखे शंभरावर येते. माऊस हातात असेल तर कंट्रोल धरून त्याचे चाक फिरवा, तेच होते. पीडीएफ उघडली असेल तर तिथेही अधिक-वजाची जोडी चालते.

कंट्रोल-शून्य मात्र विसरू नका. क्रोम प्रत्येक संकेतस्थळाचे माप लक्षात ठेवतो. आपण दोनशेवर ठेवून उठलो तर पुढच्या गिऱ्हाइकाचे पानही तसेच उघडते आणि केंद्रातल्या पोराची चिडचिड होते. पुढच्या खेपेला तो मोठे करून दाखवायला कां कूं करील.

शासनाच्या बऱ्याच संकेतस्थळांवर वरच्या कोपऱ्यात तीन अ दिसतात. एक लहान, एक मधला, एक मोठा. ते शोभेसाठी नाहीत. केंद्र सरकारने २००९ साली आपल्या संकेतस्थळांसाठी नियमावली केली. कमी दिसणाऱ्या माणसालाही पान वाचता आले पाहिजे, ही गोष्ट त्या नियमावलीत आहे. जगभर मानल्या जाणाऱ्या २००८ च्या मापदंडातही अक्षर दुप्पट केले तरी पान वापरता आले पाहिजे, असे सांगितले आहे. म्हणजे मोठे अक्षर मागणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ते तीन अ मात्र काही ठिकाणी मजकूर मोठा करतात आणि रकाने तसेच ठेवतात. म्हणून आमचा भरवसा कंट्रोल-अधिकवर. तो त्या वेड्यावाकड्या अक्षरांच्या चौकटीलाही मोठे करतो, जी ओळखून लिहायला सांगतात.

विंडोजमध्ये आणखी एक सोय आहे. खिडकीचे चित्र असलेली कळ धरून अधिक दाबा, पडद्यावर भिंग येते आणि माऊस नेऊ तिथले मोठे दिसते. बंद करायला तीच खिडकीची कळ आणि एस्केप. आमच्या गावाला भिंगाचे अप्रूप नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. तेरणेकाठच्या पांढरीत सापडलेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या आणि त्यातून इथले संग्रहालय उभे राहिले. त्यातली सातवाहनांची नाणी पाहायला गेलात तर कळेल, नखाएवढ्या नाण्यावरची ब्राह्मी अक्षरे मोठे मोठे विद्वानसुद्धा भिंगाखाली धरून लावतात. तिथे कोणाला कमीपणा वाटत नाही. मग आपल्या लेकीच्या दाखल्यावरचे अक्षर लावताना "मला दिसत नाही, मोठं कर" असे म्हणायला लाज कसली? आमच्या माता-भगिनींना विशेष सांगणे आहे. चष्मा घरी राहिला असे सांगून वेळ मारून नेऊ नका. अक्षरओळख कमी असेल तर सोबत शाळेतली नात न्या. "लेकरा, पडदा इकडं फिरव आणि अक्षर मोठं कर, माझी नात वाचंल," एवढे म्हणा. चांगली पोरे लगेच करतात. आमच्या अनुभवात नाही म्हणणारे थोडेच भेटतात.

आणि वाचायचे काय? आधी नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव, मग आडनाव, आणि प्रत्येक अक्षर टी.सी. शी ताडून. सुनिता की सुनीता, ते टी.सी. त जसे असेल तसे. शुद्धलेखनाचा अभिमान तिथे कामाचा नाही. जन्मतारखेत १ आणि ७, ३ आणि ८ यांचा घोळ होतो. बँकेच्या आयएफएससी कोडात अकरा खुणा असतात आणि पाचवी खूण कायम शून्य असते. तिथे इंग्रजी ओ पडला तर पैसे अडकलेच. धर्म आणि जात यांच्या रकान्यात यादीतून निवड असते. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्याही अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. त्यामागे केवढा लढा होता ते आमच्या वाचकांना सांगायला नको. तो हक्क यादीतल्या एका चुकीच्या ओळीने अडू नये. यादीचा रकाना निवडलेला असताना खालच्या बाणाची कळ चुकून दाबली गेली की निवड एक घर सरकते आणि पडद्यावर काहीच खडखडाट होत नाही. म्हणून हा रकाना सगळ्यात शेवटी पुन्हा एकदा पाहावा.

आता स्वतः अर्ज भरणाऱ्या तरुण मंडळींसाठी. एका रकान्यातून दुसऱ्यात जायला दर वेळी माऊस कशाला? टॅब दाबा, पुढच्या रकान्यात जाल. शिफ्ट धरून टॅब, मागच्या. लांबलचक यादीत आपल्या तालुक्याच्या नावाचे पहिले अक्षर टंकले की यादी तिथे उडी मारते. चुकून मजकूर पुसला गेला तर हातपाय गाळू नका, कंट्रोल आणि झेड दाबा, परत येतो. अर्धा अर्ज भरलेला असताना एफ-पाचला हात लावू नका. पान नव्याने उघडते आणि बऱ्याचदा भरलेले सगळे जाते. शासकीय संकेतस्थळे थोडा वेळ काही हालचाल नसली की बाहेर काढतात. म्हणून कागद हाताशी ठेवूनच बसावे, मध्येच घरी फोन लावून आधारचा नंबर विचारत बसू नये.

कंट्रोलबरोबर एक्स म्हणजे कापणे, सी म्हणजे नक्कल घेणे, व्ही म्हणजे चिकटवणे. ही तीन आणि झेड, अशा चारही कळा कीबोर्डच्या खालच्या ओळीत शेजारी शेजारी आहेत. डावा हात न उचलता चारही कामे होतात. कापणे-चिकटवणे ही कल्पना ज्यांनी संगणकात आणली त्यांतले एक लॅरी टेस्लर. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात टिम मॉट यांच्याबरोबर त्यांनी हे काम केले. संगणक साध्या माणसाला समजला पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. फेब्रुवारी २०२० मध्ये ते वारले. आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे नक्कल हा शब्द पक्का झाला आहे. संगणकातली नक्कलही त्याच कंपनीच्या घरातून यावी, ही मोठी गंमत!

नक्कल करण्याचा एक धोका मात्र आहे. गर्दीत केंद्रचालक आधीच्या माणसाचा मजकूर चिकटवून पुढचा अर्ज तयार करतात. वस्ती तीच, गाव तेच, मग पत्ता पुन्हा कशाला टंकायचा? पत्त्याबरोबर कधी कधी आधीच्या माणसाचा मोबाईल नंबरही येऊन बसतो आणि तुमच्या अर्जाचे निरोप त्याच्या खिशात वाजतात. मोबाईल नंबर आपला आहे ना, तेही त्या मोठ्या अक्षरात पाहून घ्या.

मंडळाची पत्रके, विहाराची निवेदने, जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी दोन गोष्टी. कंट्रोल-अधिकने किंवा वर्डमधल्या पट्टीने पान मोठे केले तर ते फक्त डोळ्याला मोठे दिसते, छापून येताना अक्षर होते तेवढेच येते. कागदावर अक्षर मोठे हवे असेल तर मजकूर निवडून त्याचे माप वाढवावे लागते. कंट्रोल आणि ए दाबले की सगळा मजकूर निवडला जातो. मग कंट्रोल आणि बंद होणारा चौकोनी कंस दाबला की वर्डमध्ये माप एकेक पॉइंटाने वाढते, उघडणाऱ्या कंसाने कमी होते. पत्रकाचे अक्षर सोळा पॉइंटाच्या खाली ठेवू नका. कागद वाचवण्याच्या नादात पत्रक दहा पॉइंटात छापतात, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांनी मोर्चाला यावे असे वाटते त्यांनाच ते वाचता येत नाही. आणि मजकूर लिहिताना दर परिच्छेदाला कंट्रोल-एस दाबा. वीज केव्हा जाईल याचा आमच्याकडे नेम नसतो.

दुसरी गोष्ट जिल्ह्याच्या नावाची. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. संस्थांच्या जुन्या पत्रांत, ठरावांच्या नमुन्यांत जिथे तिथे जुने नाव आहे. ते हाताने शोधत बसू नये. वर्डमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, वरच्या चौकटीत जुने नाव, खालच्या चौकटीत नवे नाव, आणि एका दमात सगळीकडे बदल होतो. पण हे नव्या पत्रांपुरते. जुन्या दाखल्याची, जुन्या ठरावाची प्रत तयार करताना नाव बदलू नका. जे कागदावर आहे तेच प्रतीत हवे. (हीच जोडी क्रोममध्ये दाबली तर जुन्या भेटींची यादी उघडते. गोंधळून जाऊ नका.)

काही मंडळांच्या फायली कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये आहेत. तिथे कंट्रोल-एच ला मराठी नाव सापडतच नाही. कारण पडद्यावर मराठी दिसत असले तरी आत संगणकाने इंग्रजी चिन्हे साठवलेली असतात आणि फाँट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर मुखवटा गळतो आणि आमचा ठराव कोणी शिव्या दिल्यासारखा दिसतो. यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो जगभर तोच आहे.

युनिकोडमध्ये टंकायला आम्ही इन्स्क्रिप्टचा आग्रह धरतो. आमच्या पिढीने मराठी तीस, इंग्रजी चाळीसच्या परीक्षा दिल्या, टाइपरायटरवर बोटे झिजवली. त्या यंत्रात अक्षर लहान-मोठे करायची सोयच नव्हती, खिळा जेवढा तेवढेच अक्षर. त्या सवयीमुळे इन्स्क्रिप्ट सुरुवातीला उलटी वाटते. पण तिचा हिशेब सरळ आहे. स्वर आणि मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. भारतीय मानक ब्युरोने ही रचना १९९१ साली मान्य केली आणि मराठी, कन्नड, तेलुगू, बंगाली सगळ्यांना तीच लागू आहे. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड एकदा बसवला की खिडकीची कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीवरून मराठीवर जाता येते. एल, एस, जे या कळा ओळीने दाबा, तेर उमटते. वाय, जी, ओ, डी आणि शिफ्ट धरून ओ दाबा, बुद्ध उमटते. आमच्या वस्तीतल्या पोरांना आम्ही पहिला धडा हाच देतो. दहा मिनिटांत स्वतःचे नाव टंकतात आणि मग उठायचे नाव घेत नाहीत.

या कळांचे खरे मोल ज्यांना माऊसचा बाणच दिसत नाही त्यांना विचारा. एनव्हीडीए नावाची एक आज्ञावली आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ती लिहायला घेतली. ती फुकट मिळते, पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवते, मराठीही वाचते. ती वापरणारा माणूस माऊसला हात लावत नाही. टॅब, बाण आणि एंटर यांवर अर्ज पुरा करतो. तुमच्या गावात असा विद्यार्थी असेल तर त्याच्यापर्यंत हे नाव जरूर पोचवा. आणि ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनी सेटिंगमध्ये डिस्प्ले उघडून अक्षराचे माप वाढवावे. व्हॉट्सअ‍ॅपचे माप त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही वेगळे आहे.

आता सेवा केंद्रातून उठण्यापूर्वीची कामे. पोचपावतीवरचा अर्ज क्रमांक स्वतः वाचा आणि घरच्या वहीत उतरवून घ्या, कारण त्या पावतीची शाई दोन उन्हाळ्यांत उडते. आपल्या नावाने उघडलेले पान लॉगआऊट करायला लावा. कंट्रोल आणि जे दाबले की उतरवून घेतलेल्या फायलींची यादी उघडते. तिथे आपले आधार आणि दाखले पडलेले दिसले तर आपल्यासमोर पुसून टाकायला सांगा. आणि उठता उठता कंट्रोल-शून्य.